पुराची खुंटी

सोसायटीच्या मीटिंगहून येताना जयराजने एक लालभडक पिशवी आणली आणि लग्नाचा शालू ठेवावा तशी जपून जेवणाच्या टेबलावर ठेवली. पाठीवर घ्यायचे दोन पट्टे, पुढे चकचकीत रुपेरी पट्टी आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘आपत्कालीन संच’. बनुबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“ह्ये काय रं?”

“पुराची बॅग, आई. वेळ आली की एवढी उचलायची नि निघायचं. सोसायटीनं घेतल्यात सगळ्यांसाठी.”

“आन् जायाचं कुटं? आपुन दुसऱ्या मजल्यावर. पाणी हितवर आलं तर मग सांगली ऱ्हायलीच कुटं?”

“आई, तू पण ना,” म्हणून जयराज हात धुवायला गेला.

नात प्रांजल मात्र हौसेनं पुढे झाली. मोबाइलवर कुण्या बाईचा व्हिडिओ लावला आणि ती सांगेल तशा वस्तू भरू लागली. टॉर्च, जादा सेल, नायलॉनची दोरी, मलमपट्टी, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक. सून पूजाने सगळ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पाकिटात घातल्या आणि बनुबाईंच्या बीपीच्या गोळ्यांची एक पट्टी वरच्या कप्प्यात सरकवली. सगळ्यात शेवटी पिशवीच्या पट्ट्याला प्रांजलने एक केशरी शिट्टी अडकवली.

“ही कशाला? पुरात कबड्डी खेळायची हाय व्हय?”

“आजी, आपण कुठे अडकलो तर वाजवायची. लांबवर आवाज जातो. लोक मदतीला येतात.”

“आवाज आल्यावर लोक येत्यात, असं त्या मोबाइलातल्या बाईला वाटतंय. बरं, वाटू दे.”

दाराशेजारी भिंतीत किल्ल्या अडकवायचा स्टीलचा हूक होता. ‘हूक’ हा शब्द काही केल्या बनुबाईंच्या तोंडी बसला नव्हता, त्या हुकाला खुंटीच म्हणत. पिशवी त्या खुंटीला लागली. येताजाता दिसेल, हाताला येईल, अशी. बनुबाईंना ते पटलं. पुराचं सामान खुंटीलाच हवं, कपाटात नव्हे.

“खाली सुरय्येला दिली का रं पिशवी?” त्यांनी विचारलं.

“दिली की. खालच्या तिन्ही घरांना दिली. दादासो म्हणाले, माणुसकी म्हणून तरी द्यायला पाहिजे.”

दादासो म्हणजे सोसायटीचे चेअरमन, पहिल्या मजल्यावर राहणारे. या माणसाच्या तोंडी ‘माणुसकी’ ऐकून बनुबाई लसणाची पाकळी हातात धरून क्षणभर थांबल्या. पण मग म्हणाल्या, “चांगलं केलं बाबा,” आणि पुन्हा सोलायला लागल्या. आपण त्या वेळी एवढं खूश का झालो, याचा पुढे त्यांना फार राग आला.

‘कृष्णाई’ अपार्टमेंट नदीपासून दोनच गल्ल्या आत. एकोणीस सालच्या पुरात तळमजला जवळजवळ छतापर्यंत बुडाला होता. तोवर सांगलीकर दोन हजार पाचच्या पुराची खूण दाखवून सांगत, “इथंवर आलं होतं, याच्या वर यायचं नाही.” भिंतीवरची जुनी रेघ बघून माणसं घरात बसून राहिली, आणि पाण्याने ती रेघच गिळली. त्या वेळी तळमजल्यावरची माणसं, शेजारच्या पत्र्याच्या घरांतली माणसं, सगळी जिन्याने वर आली. जिन्याच्या पायरीपायरीवर माणूस होता. सुरय्या, तिचा नवरा वसीम आणि शाळेत जाणारी मदिहा बनुबाईंच्या हॉलमध्ये राहिली होती. बनुबाईंनी मोठ्या पातेल्यात आमटी केली आणि सुरय्येनं स्टोव्हवर भाकऱ्या भाजल्या. एकाच ताटात चौघं जेवली. बनुबाईंना त्या दिवसांची आठवण आली की पाण्यापेक्षा ती आमटीच आधी आठवे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीप्रमाणे काठी टेकत खाली निघाल्या, तर जिन्यात ठिणग्या उडत होत्या. तळमजल्यावरून पहिल्या मजल्याकडे वळताना जो चौक लागतो, तिथे दोन कारागीर लोखंडाचं सरकतं गेट बसवत होते. दुकानाला असतं तसं, जाळीचं, कुलपाची कडी असलेलं. दादासो बनियनवर टॉवेल टाकून उभे राहून सूचना देत होते.

“काकी, जपून. डोळ्यांत ठिणगी जाईल.”

“ह्ये काय चाललंय दादासो? जिन्यात दुकान काडताय व्हय?”

“सेफ्टी, काकी. गेल्या मोठ्या पुरात बघितलं न्हाई का तुमी? कोण कुठलं माणूस वर येऊन बसलं. आमच्या गच्चीवरचं घंगाळ गेलं, तांब्याचं, आजोबांच्या वेळचं. कुणावर आळ घेत न्हाई मी. पण बिल्डिंग आपली हाय, जिना आपला हाय.”

“मग खालची माणसं? सुरय्या? ती कुटनं येनार वर?”

“त्या कशाला येतील?” दादासोंनी अगदी शांतपणे सांगितलं. “त्यांना बॅग दिलीय की. बॅग घ्यायची आन् सरळ शाळेत जायचं. तिथं सरकार सोय करतंय. ते भाडेकरू हायत, काकी, मेंबर न्हाईत. तरी बॅग दिली.”

कालची सगळी मीटिंग, कालची माणुसकी, ती लाल पिशवी, सगळं बनुबाईंच्या डोळ्यांपुढे उलटं झालं. पिशवी मदत म्हणून दिलेली नव्हती. जिना द्यायचा नव्हता, म्हणून पिशवी दिली होती.

“दादासो,” त्या म्हणाल्या, “दार लावून घेताना भिकाऱ्याच्या हातावर चतकोर ठेवावा, तशी पिशवी ठिवली व्हय रं तिच्या हातावर?”

“आवं काकी, सगळ्यांची संमती हाय. तुमच्या जयराजनं पण सही केलीय.”

बनुबाई ठिणग्यांतून वाट काढत खाली उतरल्या.

सुरय्येचं घर म्हणजे पार्किंगच्या मागच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, साड्यांचे फॉल, पिकोचे ढीग. मदिहा आता लग्न होऊन आटपाडीला गेलेली, पण पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. खाटेवर पाय लांब करून ती शेंगा फोडत बसली होती.

“काय गं, सासरी सुख टोचतंय व्हय, आलीस ती बुडायला?” बनुबाई म्हणाल्या.

मदिहा हसली. “आजी, आटपाडीला टँकरची वाट बघायची नि हितं नदीची. आमाला पाणी काय बेतानं मिळतच न्हाई.”

“चहा टाकते मावशी,” सुरय्या म्हणाली.

“चहा ऱ्हाऊ दे. पिशवी दाव तुझी.”

सुरय्येनं दाराकडे बोट केलं. दारामागे खिळ्याला लाल पिशवी टांगली होती. नीट भरलेली, पट्टे सरळ केलेले. तिच्या फुगलेल्या कप्प्यात बाळाची झबली, दुपटं आणि मदिहाची दवाखान्याची फाइल दिसत होती. आणि त्या खिळ्याच्या खूप वर, छताच्या जरा खाली, रंग दिलेल्या भिंतीतूनही फुटून आलेली एक तपकिरी रेघ होती. एकोणीसच्या पुराची. पिशवी त्या रेघेच्या खाली पुरुषभर लोंबत होती.

बनुबाई रेघेकडे बघत राहिल्या.

“पोरी, तुला कळलं का, जिन्यात काय चाललंय?”

“कळलं की.” सुरय्येनं मशीनवरचा धागा तोडला. “त्यांचं बरोबर हाय मावशी. घंगाळ गेलं त्यांचं. आमी न्हाई घेतलं, पण गेलं हे खरं. आता शाळेत जाऊ. मदिहाच्या बापाला सांगितलंय, टेम्पोच्या खेपा कमी कर म्हणून.”

“शाळेत? ह्या पोरीला घिऊन? फरशीवर चटई टाकून बाळंत करनार तिला?”

“मग काय करू?” सुरय्येचा आवाज पहिल्यांदाच चढला. “तुमी सांगा. भांडू? भाड्याचं घर हाय. भांडले तर ह्ये बी जाईल.”

बनुबाई उठल्या, दारामागची पिशवी खिळ्यावरून काढली आणि काठीच्या हातानेच खांद्यावर टाकली.

“आवं मावशी!”

“ही वर ऱ्हाईल. माझ्या खुंटीला.”

बनुबाईंचं माहेर उंब्रजच्या अलीकडे, नदीच्या ऐन वळणावर. त्यांच्या लहानपणी गावात खालची आळी आणि वरची आळी असे दोन भाग होते, आणि पाणी दर दोन-चार वर्षांनी खालच्या आळीत यायचंच. तेव्हा कुणी लाल पिशव्या वाटत नसे. पण मृग लागायच्या आधी खालच्या आळीतली प्रत्येक बाई एक गाठोडं बांधायची. घरातल्या प्रत्येकाचा एकेक जोड, मीठ, गूळ, फुटाणे, डब्यात घातलेली काडेपेटी, हळदीची पुडी. आणि ते गाठोडं ती आपल्या घरी ठेवायची नाही. आपल्या घरी ठेवून काय उपयोग, घरच तर बुडायचं. ते गाठोडं ती वरच्या आळीतल्या एका ठरलेल्या घरी नेऊन खुंटीला अडकवायची. कुणाची खुंटी कुणाच्यात, हे सासू सुनेला सांगून जायची. पाणी आलं की कुणी कुणाला ‘येऊ का’ म्हणून विचारत नव्हतं. गाठोडं खुंटीला आहे म्हणजे माणूस येणार, हे ठरलेलंच. गौरी-गणपती झाले, पाणी उतरलं, की खालची बाई पाटीभर ओल्या शेंगा घेऊन जायची आणि गाठोडं घरी आणायची.

बनुबाईंच्या आईची खुंटी भावकीतल्या गुंडा चुलत्यांच्या घरी होती. एका वर्षी बांधावरून भांडण झालं आणि ऐन श्रावणात चुलत्यांनी गड्याच्या हाती गाठोडं परत पाठवलं. बनुबाई तेव्हा परकर नेसणारी पोर. पण गाठोडं उंबऱ्यावर ठेवून गडी मान खाली घालून गेला, ते त्यांना कालच्यासारखं दिसतं. आई चुलीपुढे बसून राहिली. दूध उतू गेलं तरी उठली नाही. गावात मारामाऱ्या व्हायच्या, डोकी फुटायची, पण कुणी खुंटी परत केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

मग दुपारी पावसात गुंडा चुलत्यांची म्हातारी आई आली. थोरली काकी म्हणत तिला सगळे. कमरेत वाकलेली. तिने एक शब्द न बोलता गाठोडं डोक्यावर घेतलं आणि वरच्या आळीला चालायला लागली. मागोमाग आई, आईचा पदर धरून बनुबाई. स्वतःच्या लेकाच्या देखत थोरल्या काकीने गाठोडं खुंटीला अडकवलं आणि म्हणाली, “गुंडा, घर तुझं आसंल. खुंटी माझी हाय.” त्यावर गुंडा चुलते घरातून बाहेर निघून गेले, ते तिन्हीसांजेला परत आले. गाठोडं खुंटीलाच होतं.

“असली माणसं होती रं,” बनुबाई संध्याकाळी जयराजला सांगत होत्या. “आन् तू सही केलीस.”

दाराशी आता एका हुकाला दोन लाल पिशव्या दाटीवाटीने लटकत होत्या. जयराज बूटही न काढता त्यांच्याकडे बघत होता.

“आई, मी एकट्यानं विरोध करून काय झालं असतं? सगळे एका बाजूला. रोज तोंड दाखवायचंय या लोकांना.”

“सुरय्येला दावायचं न्हाई व्हय तोंड? तिनं शिवल्याल्या शर्टावर नोकरीची मुलाखत दिलीस तू.”

“ते वेगळं.”

“कसं वेगळं? सांग की. मला अडान्याला समजू दे.”

“आई, तुझा तो गाव राहिला नाही आता. ही सोसायटी आहे. इथं नियम असतात. उद्या तिच्यामागनं आख्खी गल्ली वर आली तर? आजारपणं, घाण, चोऱ्यामाऱ्या... तू एकटी बघणार आहेस का?”

“मागल्या येळी कुनी बघितलं? मीच बघितलं. तू बँकेच्या कामानं पुण्यात अडकलेला.”

पूजा ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. ती काहीच बोलली नाही. बनुबाईंना तिचा जास्त राग आला. जयराजला निदान भांडता तरी येतं, या बाईच्या मनात काय आहे ते दिवाळीला कळत नाही की दसऱ्याला.

दोन दिवसांनी बनुबाई दुपारची झोप घेऊन उठल्या तर खुंटीला एकच पिशवी. त्यांना वाटलं पूजाने आत ठेवली. त्यांनी कपाटं उघडली, पलंगाखाली काठी फिरवली.

“प्रांजल, पिशवी कुटं गं?”

प्रांजल मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, “पप्पांनी खाली देऊन टाकली. वॉचमनकाकांच्या हातानं. दादासोकाका घरी आले होते ना सकाळी, त्यांनी बघितली.”

वॉचमनच्या हातानं. इतक्या वर्षांनी तोच गडी, तीच खाली घातलेली मान, आणि पाठवणारा आपल्या पोटचा. त्या दिवशी बनुबाईंनी जेवण केलं नाही. जयराज समजूत घालायला आला तर भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुढच्या आठवड्यात महाबळेश्वरच्या बाजूला पावसाने ठाण मांडलं. कोयनेतून पाणी सोडलं, आणि सांगलीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट झालं. पाणी तासातासाला वर येत होतं. वसीम टेम्पो घेऊन साताऱ्याला गेला होता, तो परत येता येता उंब्रजपाशी रस्त्यावर पाणी म्हणून अडकला. सकाळी गल्लीतून भोंग्याची गाडी फिरली. नदीकाठच्या नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावे. गाडी पुढे गेली, आणि जिन्यातून लोखंड सरकल्याचा आवाज आला. मग कुलपाचा. प्रत्येक फ्लॅटला एकेक किल्ली दिली होती.

जयराज बँकेत गेलेला. बनुबाईंनी जाड लुगडं नेसलं, चपला घातल्या आणि खुंटीवरची लाल पिशवी काढली. घरची. चौघांच्या कागदांची, बीपीच्या गोळ्यांची.

“आई, कुठे?” पूजाने विचारलं.

“गेट उघड.”

पूजाने किल्ली घेऊन त्यांच्यामागून खाली येऊन गेट उघडलं. बनुबाई गेटच्या पलीकडे गेल्या, वळल्या आणि म्हणाल्या, “आता लाव.”

“आई...”

“नियम हाय न्हवं? लाव कुलूप.”

पूजा तशीच उभी राहिली. वरून दादासोंचा आवाज आला, “गेट उघडं कुणी ठेवलंय?” तशी तिने गेट ओढलं आणि कुलूप लावलं. बनुबाईंनी ते बघितलं आणि त्या पुढे गेल्या.

सुरय्या गाठोड्यांच्या मधे उभी होती. मशीन टेबलावर चढवलेलं, टेबल खाटेवर. मदिहा भिंतीला टेकून बसली होती, तिच्या कपाळावर घाम.

“शेजारची दोन्ही घरं मगाशीच शाळेत गेली. आमचा रिक्षावाला येतो म्हणाला आन् येईना. फोन बी उचलंना,” सुरय्या म्हणाली. “मावशी, तुमी कशाला आला खाली? पाणी गल्लीच्या तोंडाला हाय.”

बनुबाईंनी दारामागे बघितलं. तिथल्या खिळ्याला सुरय्येची पिशवी होतीच. त्यावर त्यांनी आपली पिशवी अडकवली आणि खाटेच्या कडेला बसल्या.

“मी हितंच ऱ्हानार. जिथं तू, तिथं मी. शाळा तर शाळा.”

“याड लागलंय का मावशी तुमाला?”

“व्हय. लय दिवसांपासनं लागायला पायजे हुतं.”

पाणी गल्लीतून आलं ते आवाज न करता. आधी गटारं उलटी वाहिली, मग पार्किंगच्या फरशीवर मातकट पाण्याची जीभ आली, दोन स्कूटरच्या चाकांना वळसा घालून सुरय्येच्या उंबऱ्याला लागली. मदिहा ‘अम्मी’ म्हणाली, एकदाच, दबक्या आवाजात.

बनुबाई उठल्या. पिशवीच्या पट्ट्याची केशरी शिट्टी ओढून काढली, पाण्यातून चालत, पायऱ्या चढून जिन्याच्या चौकात गेल्या, गेटची जाळी एका हाताने धरली आणि फुंकली.

कबड्डीच्या पंचाला लाजवील अशी. एकदा नाही, दोनदा नाही. वरची दारं उघडली. दम घ्यायला त्या थांबल्या आणि पुन्हा फुंकली. दादासो आले, त्यांच्यामागून त्यांची बायको राणी, तिसऱ्या मजल्यावरचे दोघं-तिघं. नेमका जयराजही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रस्त्यावरून पाणी तुडवत आला आणि गेटच्या अलीकडे, आईच्या शेजारीच उभा राहिला.

“आई! तू खाली काय करतेस?”

“वाजवत्येय. तुझ्या लेकीनं सांगितलंय, लोक मदतीला येत्यात. आलं बघ किती.”

“काकी, तुमी वर या आधी,” दादासो जाळीतून म्हणाले. “मी उघडतो. तुमच्यासाठी उघडतो.”

“माज्यासाठी नगं. माजं सामान खाली खुंटीला हाय. सुरय्येच्या. जिथं सामान, तिथं माणूस.”

“काकी, वय काय, बोलताय काय. सोसायटीचा ठराव...”

“दादासो, तुज्या आईला मी वळखत हुते. तिच्या अंत्ययात्रेला ह्याच जिन्यात सुरय्येच्या नवऱ्यानं खांदा दिला, जिना अरुंद म्हणून तुमची माणसं कमी पडली तवा. त्या येळी जिना कुनाचा हुता रं? तवा मेंबर विचारलं न्हाईस?”

दादासोंचं तोंड लाल झालं. जयराज म्हणाला, “आई, प्लीज. तू चल. त्यांची मी रिक्षा बघतो...”

“जयराज.” बनुबाईंचा आवाज अगदी खाली आला. “फ्लॅट तुझा. हप्तं तू भरतोस, मला ठावं हाय. पर ती खुंटी माझी हाय. वॉचमनच्या हातनं परत करतोस व्हय रं?”

तेवढ्यात वरून पूजा खाली आली. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. ती दादासोंच्या बाजूने, त्यांना धक्का न लावता पुढे झाली आणि तिने कुलपात किल्ली घातली.

“वहिनी, ठराव झालाय. सगळ्यांना विचारल्याशिवाय...”

“पाणी आलंय दारात, भाऊजी. ठराव त्याला वाचून दाखवा,” पूजा म्हणाली.

तिने कुलूप कडीतून काढलं आणि गेट पूर्ण सरकवलं. कुलूप किल्लीसकट पार्किंगच्या पाण्यात टाकलं. डुबुक एवढाच आवाज झाला. मग पाण्यातून पावलं टाकत ती सुरय्येच्या दारात गेली आणि दारामागच्या दोन्ही लाल पिशव्या एका खांद्यावर घेतल्या. दुसरा हात तिने मदिहाच्या काखेत घातला.

“चल गं. सावकाश. कठड्याला धर, पायरी ओली आहे.”

बनुबाई बघत राहिल्या. या बाईला आपण कधी ओळखलंच नाही, हे त्यांना तिथे, ओल्या पायांनी उभ्या असताना कळलं. जयराज क्षणभर घुटमळला. मग तो सुरय्येच्या खोलीत शिरला आणि खाटेवरच्या टेबलावरचं मशीन उचलून छातीशी धरलं. दादासोंच्या शेजारून वर जाताना त्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. बघायचं धाडस नव्हतं की बघायचं नव्हतं, ते बनुबाईंना सांगता आलं नसतं.

पाणी त्या वेळी फार चढलं नाही. सुरय्येच्या खोलीत गुडघाभर आलं, थबकलं, आणि तिसऱ्या दिवशी चिखल ठेवून उतरलं. मदिहा त्याआधीच दवाखान्यात पोचली होती. रस्ता जरा मोकळा होताच राणीच्या भावाची जीप आली, राणीनेच बोलावली होती. तिने नवऱ्याला विचारलं नव्हतं म्हणे. मदिहाला मुलगी झाली.

“बघा,” दादासो नंतर पार्किंगमध्ये चारचौघांत म्हणाले, “पाणी आलंच किती? उगाच एवढा तमाशा. शाळेत गेले असते तरी चाललं असतं.” कुणी दुजोरा दिला, कुणी चपलेचा चिखल झाडत राहिलं. बनुबाईंनी ते वरून गॅलरीतून ऐकलं, आणि त्यांचा राग होता तिथेच राहिला. पाणी कमी आलं म्हणून त्यांचं पाप कमी झालं की काय? मेलं, असा कसा हिशेब.

सुरय्या खोली धुऊन काढून परत खाली गेली, तेव्हा तिने खुंटीवरून आपली पिशवी काढायला हात वर केला.

“ठेव तिथंच,” बनुबाई म्हणाल्या. “पावसाळा अजून सरला न्हाई. गणपती जाऊ देत. मग ने. आन् येताना रिकाम्या हातानं यायचं न्हाई, सांगून ठिवत्येय. ओल्या शेंगा लागत्यात, पाटीभर.”

“पाटी कुटनं आणू मावशी सांगलीत?”

“पिशवीतनं आन. लाल हाय की तुझ्याजवळ.”

सुरय्या हसली. पूजा स्वयंपाकघरातून म्हणाली, “त्या हुकाला दोन राहत नाहीत आई. दुसरा ठोकायला पाहिजे.” आणि रविवारी जयराजने, कुणी काही न सांगता, ड्रिल आणून दुसरा ठोकला.

गेट मात्र अजून तिथेच आहे. कुलूप नाही, तारेने एका बाजूला बांधून ठेवलेलं. पुढच्या मीटिंगला त्याचं काय ते ठरवू, असं दादासो म्हणतात. बनुबाई रोज खाली जाताना आणि वर येताना त्या चौकात थांबतात, काठी उचलतात आणि लोखंडावर एकदा जोरात हाणतात. आवाज दादासोंच्या बंद दारापर्यंत जातो. तो तिथवर जावा, म्हणूनच त्या हाणतात.